सुईची रेघ

११ ऑक्टोबर

रक्तदाब १३८/८६. डॉक्टरांनी रोज लिहून ठेवायला सांगितलाय म्हणून ही वही. पण नुसते आकडे लिहायचे म्हणजे शाळेतली शिक्षा वाटते, तेव्हा आकड्यांबरोबर चार ओळी माझ्याही. कोणी वाचणार नाही. वाचल्याच तर त्याने आपल्या जबाबदारीवर वाचाव्यात.

आज बारक्याच्या विमानाच्या पट्ट्या केल्या. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय सत्तेचाळीस, चष्म्याचं दुकान, डोक्यावर केस मोजून दोनशे. मी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला मी वाढवलं, पत्र्याचं दुकान बाबांनी चालवलं, आणि बाबा गेल्यावर दोन्ही माझ्याच गळ्यात आलं. बेकरीचे ट्रे, धुराडी, टाक्या, टपालपेट्या, पत्र्याचं जे जे म्हणून असतं ते चाळीस वर्षं माझ्या हातून गेलंय. विमान तेवढं राहिलं होतं, ते या पठ्ठ्याने आणलं. विमान चालवायचा परवाना काढला आणि दुसऱ्याच महिन्यात विमान बांधायच्या नकाशांची गुंडाळी घेऊन माझ्या दारात हजर. दोन माणसं बसतील एवढं विमान. माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये दोन वर्षं ते उभं राहतंय.

पंख धडाला जिथे लागतो तिथे एकेका बाजूला तीन पट्ट्या, म्हणजे एकूण सहा. जाड ॲल्युमिनियमच्या, काटकोनात वाकवलेल्या. अख्खा पंख त्यांच्यावर असतो. बाबांची पत्र्यावर आखायची पोलादी सुई घेतली, मोजपट्टी धरली आणि वाकवायच्या जागेवर रेघ ओढली. पेन्सिल पुसली जाते, सुईची रेघ जात नाही. मग व्हाइसमध्ये पकडून सहाही वाकवल्या. काटकोन असे आले की गुण्या लावला तर मधून उजेड दिसेना. बारक्या नकाशांमधला शेवटचा सूचनांचा कागद घेऊन वाचायला लागला होता. मी म्हटलं, तू चष्मे बघ, पत्रा मी बघते. गेला बिचारा.

२९ ऑक्टोबर

१३६/८४. बरं वाटतंय.

पंखाच्या फासळ्या संपल्या, सव्वीस. हे काम मला फार आवडलं. लाकडाचे दोन साचे, त्यांच्यामध्ये पातळ पत्रा दाबायचा आणि बाहेर उरलेली कड लाकडी हातोडीने हळूहळू साच्यावर बसवायची. एका जागी दोन ठोके जास्त पडले की पत्रा रुसतो, त्याला सुरकुत्या पडतात. मग त्या चिमट्याने घ्यायच्या, पुन्हा ठोकायचं. फासळी निघाली की इतकी हलकी असते की हातात घेतल्यावर मला उगाच भीती वाटते, हिच्यावर माणूस बसणार?

भावजय आली होती. बँकेत असते, फार बोलत नाही. एक फासळी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही करताय म्हणून मी गप्प आहे. दुसरं कोणी करत असतं तर मी ह्यांना विमानात बसूच दिलं नसतं." मला छान वाटलं. चाळीस वर्षांत कोणा गिऱ्हाइकाने असं म्हटलं नाही.

१६ डिसेंबर

उजवा पंख बंद केला. पट्ट्यांना हिरवा रंग, मग रिबेट म्हणजे जोडाचे खिळे, मग वरून पत्रा. आता आतलं काही दिसणार नाही. बारक्या म्हणत होता, अजून आठवडाभर उघडा ठेवू, सगळं पुन्हा एकदा बघून घेऊ. मी म्हटलं, माझं काम पुन्हा बघायचं नसतं. डावा पुढच्या आठवड्यात.

८ जानेवारी

१६४/९८. आणि हे सकाळचं. आता मोजायची हिंमत नाही.

पट्ट्या कापताना उरलेला एक तुकडा होता. त्याच्यावरही मी त्याच दिवशी रेघ ओढली होती, म्हणून तसाच वाकवून भिंतीवर आकडा केला होता, एप्रन अडकवायला. आज एप्रन अडकवला आणि आकडा तुटून खाली पडला. एप्रनच्या खिशात मोठी कात्री होती, ती पायावर पडली नाही एवढंच नशीब.

तुकडा उचलला. तुटल्याची कड सरळ होती. अगदी पट्टी लावून कापल्यासारखी. पत्रा असा तुटत नाही, तो वेडावाकडा फाटतो. बारक्याचं एक भिंग माझ्याकडे असतं ते आणलं. कडेच्या बाहेरच्या अंगाला बारीक चकचकीत धार होती, टोकापासून टोकापर्यंत. ती माझी सुई. ती माझीच रेघ.

दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले. सहाच्या सहा पट्ट्यांवर अशीच रेघ आहे, वाकलेल्या जागी, बाहेरच्या बाजूला. आणि त्या बंद पंखात आहेत.

९ जानेवारी

सकाळी दुकान उघडलंच नाही. त्याच पत्र्याच्या बारा चिंध्या कापल्या. सहांवर सुईने रेघ, सहांवर शाईच्या पेनाने. एकेक व्हाइसमध्ये धरून पुढे वाकवली, मागे वाकवली. पेनाच्या सहाव्या-सातव्या खेपेला तुटल्या. सुईच्या दुसऱ्या खेपेला. एक तर पहिल्याच. टक्कन. तो आवाज अजून कानात आहे.

मग शेडमध्ये जाऊन तो शेवटचा कागद काढला. बारक्याने बाजूला आपल्या भाषेत पेन्सिलने लिहून ठेवलंय, माझ्यासाठी: आखणी फक्त शाईने. ओरखडा चालणार नाही. वाकवायच्या जागी तर मुळीच नाही.

लोखंडी पत्र्याला सुईचं काही वाटत नाही. तो मऊ असतो, सोसतो. हा विमानाचा पत्रा कडक आहे, त्याला ओरखडा लागला की तिथूनच तो जायला लागतो. एवढंच कळायचं होतं. चाळीस वर्षं पत्रा ठोकला आणि हे एवढं कळलं नाही, कारण कागद वाचायला मला कमीपणा वाटला.

१३ जानेवारी

पहिल्या उड्डाणाची तारीख ठरली. दोन फेब्रुवारी. बारक्याला विमान शिकवणारे मास्तर येऊन बघून गेले. पंखावर टिचक्या मारल्या, कडा चाचपल्या आणि म्हणाले, ताई, असं काम मी पाहिलं नाही. मी हसले. तोंड वाकडं झालं असेल.

मनाशी दिवसभर एकच हिशोब चालू आहे. चिंध्या अरुंद होत्या, पट्ट्या रुंद आहेत. चिंध्या मी मागेपुढे वाकवल्या, पट्ट्या कोण वाकवतंय? पंख काय दर मिनिटाला वाकतो का? वाकतो. बारक्यानेच मला दाखवलं होतं, हवेत पंखाचं टोक वर-खाली होतं.

आज सांगते म्हणून तीनदा शेडमध्ये गेले. तिन्ही वेळा तो विमानातल्या खुर्चीवर नुसता बसला होता, हात मांडीवर ठेवून. म्हटलं, काय करतोस? म्हणाला, सवय करतोय. त्याचा उत्साह बघून मी परत फिरले.

१७ जानेवारी

१७०/१०२. डॉक्टरांनी गोळी वाढवली. विचारलं, घरी काही ताण? म्हटलं, नाही.

बारक्याचं पोट बिघडलंय. चार दिवस धड जेवत नाहीये. भावजयीने विचारलं तर म्हणाला, बाहेरचं खाल्लं. कुठे बाहेर खातो हा? दुकान आणि शेड. आज त्याने विमानाच्या शेपटीवरचे आकडे खरवडून पुन्हा रंगवले, म्हणे तिरके दिसत होते. मला तर सरळ दिसत होते. गादीचं कापडही बदलायचं म्हणतोय. मी आपलं हो म्हणत राहिले. तेवढाच एक दिवस पुढे.

मध्येच म्हणाला, "ताई, तुझी दोन वर्षं गेली यात."

"गेली तर गेली," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणतो. आता मागे कसं फिरायचं."

वाटलं, याला काहीतरी कळलंय. पण तो रंगाचा ब्रश धुवायला गेला.

२२ जानेवारी

बसने मैदानावर गेले, मास्तरांकडे. गावाबाहेर गवताची धावपट्टी आहे, एक पत्र्याची खोली आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. पत्रे गंजलेत, खिळे चुकीच्या जागी मारलेत. पण ते जाऊ दे. मी म्हटलं, सहज विचारते, एका ओळखीच्याने असं असं केलं. पट्टीवर ओरखडा राहिला. काय होईल?

मास्तर चहा पिता पिता थांबले. कोण ओळखीचा, ते विचारलं नाही. म्हणाले, "जमिनीवर काही होणार नाही. पहिल्यांदा वर जाईल तेव्हाही कदाचित नाही. दहाव्यांदा, शंभराव्यांदा, सांगता येत नाही. पण होईल ते वरच होईल, आणि एकदम होईल."

मी विचारलं, आधी आवाज वगैरे? म्हणाले, नाही. परतताना बसमध्ये मी दांडा इतका घट्ट धरला होता की शेजारच्या बाईने मला बसायला जागा दिली.

अकरा दिवस. रोज वाटतं उद्या सांगू. त्याला सांगायचं म्हणजे कायकाय सांगायचं? की तुझ्या ताईला पत्रा कळत नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय? लग्न नाही, पोर नाही, घर म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. या गावात मला जो तो ओळखतो तो हातावरून. मी हे लिहितेय आणि माझी मला शरम वाटतेय. बारक्याचा जीव एका बाजूला आणि माझा तोरा एका बाजूला, आणि मी चौदा दिवस तोलत बसलेय.

२७ जानेवारी

सांगितलं.

दुपारी. तो पंखाखाली उलट्या बादलीवर बसून चाकाची हवा बघत होता. मी उभीच राहिले. बसले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"पट्ट्यांवर मी सुईने रेघा मारल्यात," म्हटलं. "वाकवायच्या जागी. सहाच्या सहा. तू कागदावर नको म्हणून लिहिलं होतंस. मी वाचलं नाही. मला हे कळून एकोणीस दिवस झाले."

"म्हणजे?"

"म्हणजे पंख तुटेल. वर असताना."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय, आणि मी मनात म्हटलं, रड बाबा, मार मला, काय वाटेल ते कर. पण हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते. म्हणाला, "म्हणजे दोन तारखेला नाही जमणार."

"डोकं फिरलंय का? दोन तारखेचं काय घेऊन बसलास?"

"उघडायला लागेल सगळं. महिना तरी जाईल ना?"

"जास्तच."

"बरं," म्हणाला. मग जरा वेळाने, "चहा टाकतेस?"

एकोणीस दिवस मी त्याच्या शिव्या ऐकायची तयारी केली होती. रडावं की याच्या कानाखाली एक द्यावी, कळेना. चहा केला. तो दोन कप प्यायला आणि माझ्या डब्यातलं सगळं जेवला. पोट बरं झालं म्हणे.

३० जानेवारी

१४०/८८.

रिबेट एकेक करून काढले. डोकी ड्रिलने उडवायची, मग मागून ठोकून बाहेर. वरचा पत्रा उतरवायला दोन दिवस लागले. बारक्या शिट्टी वाजवत काम करत होता. कमाल आहे या माणसाची. ज्या पट्टीने त्याला मारलं असतं ती काढताना शिट्टी.

हिरवा रंग खरवडून भिंगाखाली धरली. पाच पट्ट्यांवर नुसती रेघ होती. उजव्या पंखाच्या मधल्या पट्टीवर रेघ नव्हती, फट होती. केसाएवढी. नखाने चाचपली तर नख अडकलं. अजून जमिनीवरून चाक उचललं नाही आणि ही अवस्था.

भिंग बारक्याच्या हातात दिलं. त्याने बघितलं, आणि शिट्टी थांबली. मग बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

भावजयीला मीच सांगितलं. वाटलं, आता ही मला घरात घेणार नाही. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना." एवढंच. आणि मग, "ते त्या दिवसापासून झोपतायत, ताई. त्याआधी महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता." मी म्हटलं, हो, पोट बिघडलं होतं त्याचं. ती माझ्याकडे बघत राहिली.

२१ फेब्रुवारी

नव्या सहा पट्ट्या. सुई हातात घेतली नाही. शाईच्या पेनाने आखल्या, वाकवायच्या जागी गोल लाकूड धरून हळूहळू वाकवल्या, कडा कानशीने घासून मग बारीक कागदाने इतक्या गुळगुळीत केल्या की गालावर फिरवल्या तरी लागणार नाहीत. कागदावरची प्रत्येक ओळ बारक्याने मोठ्याने वाचली आणि मी प्रत्येक ओळीला हं म्हटलं. एकेक पट्टी भिंगाखाली चार चार वेळा बघितली. यात आता काही नाही. हे मी बाबांच्या शपथेवर सांगू शकते.

पंख बंद करताना बारक्या म्हणाला, शेपटीचे भागही नव्याने करायचे का? म्हटलं, शेपटी तुझ्या मास्तरांनी उघडी असताना बघितलीये, तिला काय धाड भरलीये? म्हणाला, नाही, आपलं असंच. मग खुर्चीचे पट्टे. मग तेलाची नळी. याला आता दर गोष्टीत खोट दिसायला लागलीये. माझ्यामुळेच. माझ्यावरचा विश्वास उडाला असणार, दुसरं काय.

९ मार्च

आज मोजलं नाही.

सकाळी नऊला मैदानावर. वारा नव्हता, आकाश स्वच्छ. वीसेक माणसं जमली होती. चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं, आमचे डॉक्टर, भावजयीच्या बँकेतल्या दोघी. मास्तरांनी पंख धरून हलवले, बोल्ट बघितले, मान डोलावली. बारक्या आत बसला. मला हात केला. माझी छाती धडधडत होती, पण पट्ट्यांसाठी नाही. पट्ट्यांचं मला ठाऊक होतं.

इंजिन सुरू झालं. विमान धावपट्टीवरून पळत गेलं आणि टोकाला जाऊन थांबलं. वळलं, परत आलं. लोक म्हणाले, आधी असंच करतात. दुसऱ्यांदा आणखी जोरात पळालं, शेपटी उचलली गेली, आणि पुन्हा बसली. थांबलं. तिसऱ्यांदा पुढची चाकं गवतावरून हातभर उचलली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. मग धाडकन खाली. थांबलं.

इंजिन बंद करून तो उतरला. मास्तरांकडे गेला नाही, सरळ माझ्याकडे आला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"ताई, उजव्या पंखातून आवाज येतोय," म्हणाला. "कुरकुर. एकदा उघडून बघायचं का?"

मास्तर मागोमाग आले. मला काही ऐकू आलं नाही, म्हणाले. जाऊन पंख धरून गदागदा हलवला, टिचक्या मारल्या. काही नाही, म्हणाले, घट्ट आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आवाज नव्हता. मला पत्र्याचा आवाज भिंतीपलीकडून कळतो. सहाच्या सहा पट्ट्या जिथल्या तिथे होत्या आणि शंभर वर्षं राहतील. मी तोंड उघडलं होतं, हेच सांगायला. चांगलं खडसावून सांगायला.

आणि बारक्या माझ्याकडे बघत होता. ओठ पांढरे, तळवे पँटला पुसतोय, पुन्हा पुसतोय. आणि मग मला सगळं एकदमच कळलं. शेपटीचे आकडे, गादी, पोट, शिट्टी, दोन कप चहा. मला वाटत होतं या घरात भ्यायलेली मी एकटी. हा माणूस कधीपासून कोणीतरी थांबवायची वाट बघतोय, आणि माझ्या दोन वर्षांच्या कष्टांकडे बघून त्याला नाही म्हणता येत नाहीये. आणि मी, त्याला वाढवणारी मी, पट्ट्या भिंगाखाली बघत बसले.

"येतोय," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मीही ऐकला. माझ्याच हातचं काहीतरी चुकलंय. आज विमान उडणार नाही."

मास्तरांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं आजवर एकाही गिऱ्हाइकाने बघितलं नव्हतं. मागे कोणीतरी म्हणालं, वय झालं आता बाईंचं, दुसऱ्यांदा झालं हे. मला ऐकू आलं. लागलं. खोटं कशाला लिहू, फार लागलं. भावजयीने माझा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

परतताना बारक्या खिडकीबाहेर बघत होता. मग माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, पंख उघडून आवाज शोधायला किती दिवस लागतील.

म्हटलं, सापडेपर्यंत. घाई कसली आहे.